थोरलीची मान

प्रिय चिमणे,

नव्या नोकरीत रुळलीस असं आईकडून कळलं. बिस्किटांच्या कारखान्यात सगळं यंत्रच मोजतं म्हणे, तू नुसतं बटण दाबायचंस. ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

माझी तब्येत विचारली होतीस. कॅन्सरची गाठ जाऊन दोन वर्षं झाली, तपासण्या स्वच्छ आहेत. पण इम्युनोथेरपीने माझ्या अंगातले जे राखणदार गाठीवर सोडले, ते काम संपल्यावरही घरी जायला तयार नाहीत. आता घरच्यांनाच बडवताहेत. थायरॉईडचा निकाल लावला, म्हणून रोज उपाशीपोटी गोळी. सकाळी बोटं वळायला अर्धा तास लागतो. आणि तोंडात लाळ म्हणून नाही. पाण्याची बाटली जवळ नसेल तर घास घशाखाली उतरत नाही. लोक म्हणतात, जीव वाचला ना, मग कुरकुर कसली? बोलायला त्यांचं काय जातंय.

खरं सांगू? आजाराचा आला नाही इतका राग मला तुझा आला. आपल्या बेकरीत बाबांच्या वेळेपासूनचा रिवाज, मळलेल्या पिठाची चिमूट थोरलीने चाखायची, मान हलवायची, मगच पाव भट्टीत. वीस वर्षं ती मान माझी होती. मी हातात सुई टोचून घेऊन दवाखान्यात बसले आणि इकडे तू मान हलवायला लागलीस. परत आले तर पोस्टमन मलाच सांगतो, ताई, हल्ली पाव काय सुरेख होतो. हल्ली म्हणे! माझा नुसता जळफळाट झाला. तू चाखताना डोळे मिटायचीस, ते मला बघवायचं नाही. तुला साधी सर्दीसुद्धा होत नाही, याचाही राग यायचा. म्हणून मी सगळ्यांना ठोकून दिलं की उपचारांत गेलेली माझी चव परत आली. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. प्रत्यक्षात साखर आणि पुठ्ठा मला सारखेच लागत होते.

मग शाळेच्या सहलीसाठी दिलेले ते दोनशे पाव, खारट म्हणून सगळेच्या सगळे परत आले. शाळेच्या बाई तुला सगळ्यांदेखत बोलल्या. माझ्याच हातून दोनदा मीठ पडलं असेल, म्हणत तू रडलीस. त्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट तीनतीनदा मोजायला लागलीस, चाखणं सोडलंस आणि महिन्याभरात नोकरीचा कागद आणून माझ्यापुढे ठेवलास. मी म्हणाले, जा बाई, चुका सगळ्यांच्याच होतात. फार मोठ्या मनाने म्हणाले.

चिमणे, मीठ मी घातलं होतं. तू पीठ चाखून गिऱ्हाइकाला पाव द्यायला पुढे गेलीस, तेवढ्यात मी चिमूट चाखली. काहीच लागेना. दोष माझ्या जिभेचा असेल हे मी मनात येऊच दिलं नाही. तूच मीठ विसरलीस असं ठरवून टाकलं आणि मूठभर मीठ घालून पीठ मळायचं यंत्र पुन्हा फिरवलं. इथवर त्याला चूक म्हणता येईल. पण पाव परत आले, तू मान खाली घातलीस, तेव्हा मला बरं वाटलं. आजारातून उठल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. काल आईला हे सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. उद्या शाळेत जाऊन बाईंना सांगणार आहे. तू परत ये, असं कुठल्या तोंडाने म्हणू? मी गप्पच बसणार होते. पण परवा आईच्या बोलण्यात आलं की तू हल्ली घरच्या भाजीतही मीठ घालत नाहीस, नवऱ्याला घालायला लावतेस. म्हणून लिहिलं. तुझा हात चुकला नव्हता गं. एकदाही नाही.

तुझीच, अजूनही थोडी जळणारी,
ताई