बार झाल्यावर

सांगली, जानेवारी १९४३

तीर्थरूप आबांना,

बनूनं पायावर डोकं ठेवलंय. मी खुशाल हाय, भाकरी पोटभर मिळती. आईचं गुडघं कसं हायत?

साताऱ्यात शिट्टीवर पळून मी सगळ्यांत पयली आले व्हते, कालची शर्यत मातर हरले. हितं सुरवातीला पिस्तुलाचा बार काढत्यात. बार झाला, बाकीच्या पोरी पळाल्या आन मी मातीत पालथी पडले. लोक लय हसले. बार ऐकला की पालथं पडायचं, हे मला दादानंच शिकवलं व्हतं.

भादव्यात मोर्चावर गोळीबार झाला, तवापासनं दादा डोंगरात लपलाय, आसं तुमी म्हणता. आवं आबा, मोर्चात तुमी त्याच्या शेजारीच व्हता. बार झाला तवा त्यो सोता पालथा पडला व्हता का? तेवढं खरं लिवा.

तुमची लेक,
बनू