बाबांचा अंगठा

जेसल पार्क, भाईंदर
सोमवार

प्रिय पीटर,

देवाच्या दयेने इथे आपल्या लेकाकडे, इव्हानकडे, आम्ही सगळे बरे आहोत. तुझी रक्तदाबाची गोळी चुकत नाही ना?

कुंभारकामाच्या स्टुडिओतले माझे वर्ग भरलेले असतात. आमचं कॉलेजातलं पहिलं वर्ष नुसती माती मळण्यात गेलं. इथे लोक दोन तासांत कप करून जातात. ते गेले की भट्टीआधी मी वाकडे कप गुपचूप सारखे करते. बोटाचा ठसा राहिला तर आमचे सर भांडं मोडायला लावायचे, ती सवय.

गेल्या महिन्यात संघप्रिया नावाची मुलगी वडिलांना, नागोरावांना, घेऊन आली होती. त्यांचा उजवा हात लकव्याने लुळा पडलाय. तिच्या कपावर त्यांनी त्याच हाताचा अंगठा मोठ्या कष्टाने दाबला. मी तेव्हा दुसऱ्या टेबलापाशी होते, मला ते दिसलं नाही. नंतर मला कपावर नुसता खड्डा दिसला आणि मी तो ओल्या स्पंजने पुसला.

काल भाजलेला कप हातात फिरवत ती म्हणाली, "मॅडम, बाबांचा अंगठा कुठाय?"

मी खरं सांगितलं. तिने कप कागदात गुंडाळला. मग म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, तुम्ही चांगल्यासाठीच केलं."

आज माती घेऊन त्यांच्या पेणकरपाड्याच्या घरी गेले. नागोराव हसले. "परत कशाला, बाई? तेवढा एकच जमला होता." तरी उजवा हात उचलायला गेले. उचलला गेला नाही. "डावा चालंल का?"

मी डाव्याचा ठसा घेतला. पहिल्याचं काय झालं ते त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही, पीटर.

इव्हानला यातलं काही बोलू नकोस, तो मला वर्ग बंद करायला लावेल. आज रोझरी म्हणताना नागोरावांचं नाव घे.

तुझी,
फिलोमिना