शेताच्या पलीकडचा बल्ब

आई, काल दुपारी जरा डोळा लागला आणि तू आलीस. नेहमीसारखी अनवाणी घरभर फिरलीस, पंखा बंद केलास, टीव्हीखालच्या डब्याचा लाल ठिपका घालवलास, भिंतीत नुसताच खोचून राहिलेला मोबाईलचा चार्जर काढून माझ्या उशाशी ठेवलास. चार्जर तू जन्मात पाहिला नव्हतास, पण स्वप्नात तुला सगळं येतं. जाग आली तेव्हा पंखा खरंच बंद होता. लाइट गेली होती. बाहेर पडताना मी घरभर फिरून बटणं बघते, तेव्हा लेक दारात उभी राहून विचारते, "झाली का प्रदक्षिणा?" मी म्हणते, तुझ्या आजीची सवय. ती तुझीच, पण मला कशी लागली ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही. ते आज लिहायला बसलेय. तू बोलायचीस आपलं पेडण्याकडचं, आणि मला लिहिता येतं ते शाळेतलं मराठी. चालवून घे.

गोवा राज्य झालं त्या सुमाराचं आपलं घर आठव. कोकणी-मराठीच्या भांडणातल्या घोषणा भिंतींवर अजून होत्या, निम्म्या पावसानं धुतलेल्या. बाबा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे आणि आठवड्यानं यायचे, म्हणजे घरात तू आणि मी. एका तारेवर आठ घरं. आपलं मधलं, आणि शेवटचं शेताच्या पलीकडे, काजूच्या झाडांखाली. तिथे सिंधुदुर्गातून शेतमजुरीला आलेलं कुटुंब राहायचं. सांजवेळी आपला बल्ब पिवळा आणि त्यांचा तांबडा. आपण इस्त्री लावली की तो आणखी मावळायचा. तू मागच्या जनेलाशी उभी राहायचीस. पडवीचा दिवा बंद, रिकाम्या खोलीतला पंखा बंद, विहिरीचा पंप बंद, आणि मग खिडकीच्या गजाला कपाळ टेकून शेतापलीकडे बघत राहायचीस. हवेत भाताच्या पेंढ्याचा वास असतो, धूर जमिनीलगत तरंगतो, आणि त्या धुरात लांबचा तो ठिपका हळूहळू अंड्याच्या बलकासारखा पिवळा होतो. विजेचं तुला कुणी काही शिकवलं नव्हतं, तू बघून शिकलीस. मी चिडून तुला चिकट म्हणायचे. तू एवढंच म्हणायचीस, "आपल्याक नाका तर बंद कर गो. फुडल्यांक पावंदी." पुढच्या घरांना वीज पोचू दे.

त्या घरातली मुलगी माझ्याच वर्गात होती. दहावीचं वर्ष. सहामाहीला ती पहिली आली, मी दुसरी, आणि बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घरात धड उजेड नाही, तरी बघा." माझ्या घरात उजेड आहे हा माझाच गुन्हा झाल्यासारखं मला वाटलं. फेब्रुवारीत पूर्वपरीक्षेतल्या गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तू देवळात आरतीला गेली होतीस. मी युनिफॉर्मला इस्त्री केली. करून झाल्यावर इस्त्री कांबळ्यावरच ठेवली आणि तिचं बटण तसंच राहू दिलं. मग पंप लावला. टाकी भरलेली होती, पाणी वरून वाहायला लागलं. सगळे दिवे लावले आणि तुझ्या जागेवर, तुझ्यासारखीच गजाला कपाळ टेकून उभी राहिले. तिकडचा बल्ब आत आत जात एक तांबडी तार राहिला. मला बरं वाटलं, आई. तिथून हलावंसं वाटेना.

तू आलीस ती वाटेवरूनच तो बल्ब बघून, धावत. इस्त्रीखालचं कांबळं करपायला लागलं होतं. तू सगळं बंद केलंस, मला हाताला धरलंस, आपला कंदील घेतलास, आणि आपण शेताच्या मेरेवरून, बांधाबांधानं त्यांच्याकडे गेलो. आपण पोचेपर्यंत तिथला बल्ब पुन्हा पिवळा झाला होता. पण ती अजून स्टुलावर उभी होती, पुस्तक दोन्ही हातांनी वर, बल्बच्या जवळ धरून. हात खाली घ्यायला ती विसरली होती, की उजेड पुन्हा जाईल अशी तिला भीती होती, कुणास ठाऊक. तिच्या आईला तू म्हणालीस, "म्हज्या चेडवाक इसर पडलो गे बाय. इस्त्री चालू उरली." माझ्या वतीनं तू हात जोडलेस. तिची आई म्हणाली, "होता गो असा. पोरां ती." आणि ती मुलगी स्टुलावरून उतरली, ते पदरानं पुसावं तसं ओढणीच्या टोकानं पुसलं, आणि मला बसायला दिलं. मी बसले.

कंदील तू तिथेच ठेवून आलीस. येताना काळोखात तू पुढे आणि मी मागे, आणि तू मला रागावली नाहीस. एकदाच म्हणालीस, "इतकी कशी इसरता गो तूं?" तेव्हा सांगता आलं असतं.

नंतरही आलं असतं. शेवटच्या दोन वर्षांत तुला काही आठवेनासं झालं. तू पंखा लावायचीस आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचीस, भर उन्हात पडवीचा दिवा जळत असायचा. मी तुझ्या मागून बटणं बंद करत फिरायचे आणि कधी कधी ओरडायचे. तू घाबरून माझ्याकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "इसर पडलो गो बाय." दर वेळी ते ऐकलं की मी पाठ फिरवून पुढचं बटण बंद करायला जायचे. मोपाच्या पठारावर आता विमानतळाचा एवढा उजेड असतो, की आपल्या मागच्या जनेलातून कुणाच्याच घरचा बल्ब वेगळा दिसत नाही. तरी मी गावी गेले की तिथे उभी राहते.

हे पत्र कपाटात, तुझ्या लुगड्याखाली ठेवणार आहे. पाठवणार कुठे? तुला खरोखरच विसर पडायचा आणि तू माफी मागायचीस. त्या संध्याकाळी मला काही विसर पडला नव्हता.