बिघडलेला काटा

प्रिय ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. खरोखर घालायचा म्हटलं तर घरात तेवढी जमीन मोकळी नाही. स्वयंपाकघरात सध्या पोती तोलायचा वजनकाटा उभा आहे. तो तिथे कसा आला ते पुढे सांगतोच.) तुझं पत्र मिळालं. दाजींना हल्ली गोदामात रोज जावं लागत नाही, बराच वेळ ते घरीच असतात आणि तुला सोबत झाली, हे वाचून बरं वाटलं. तुला मात्र संध्याकाळची भूक लागत नाही, पोट जड जड वाटतं, असं लिहिलंयस. ताई, वय झालं की असं होतं. गरम पाणी पीत जा आणि जेवणाआधी चार पावलं चालत जा. इथे माझं वैद्यकीय ज्ञान संपतं. आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं यानंतर लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता जे आहे ते लिहितो.

काटे दुरुस्तीच्या दुकानात मालकांनी मला आठवड्याचे तीनच दिवस ठेवलं, हे तुला माहीत आहे. उरलेले दिवस मी घरी आणि तुझी भावजय शिवणाच्या कारखान्यात जादा पाळीला. त्यामुळे चूल माझ्या गळ्यात पडली. हाती येईल तेवढ्यात चार माणसांचा आठवडा कसा काढावा, म्हणून मी तुला सल्ला विचारला, तर तू चार पानं भरून नियम पाठवलेस. वाटाणे सुटे घेऊ नयेत, पोतंच घ्यावं. भाजी बाजार उठताना घ्यावी. पाव शिळा घ्यावा, म्हणजे चावायला वेळ लागतो आणि माणूस कमी खातो. (हे तुला कसं सुचलं, याचं मी तेव्हा नुसतं कौतुक केलं.) आणि शेवटचा नियम, खाली दोन रेघा मारलेला: पातेल्यात जेवढं उरेल, तेवढं दुसऱ्या दिवशी माप कमी करावं. मी ती पानं चुलीमागच्या भिंतीला चिकटवली आणि कामाला लागलो.

वाटाण्याचं पोतं आणलं. मग वाटाण्याचा रस्सा, वाटाणे घातलेला भात, वाटाणे न घातलेला भात आणि शेजारी वाटाणे, असा रोज नवा बेत सुरू झाला. तू माझी चेष्टा करशील, पण पहिल्याच आठवड्यात चमत्कार झाला. पातेल्यात उरायला लागलं! म्हणजे बघ, आई जेवायला बसायची आणि दोन घास खाऊन म्हणायची, आज पोट जड वाटतंय, माझं राहू दे. तुझी भावजय कामावरून यायची ती सांगतच यायची की आज कुणाचा तरी वाढदिवस होता, पोटभर खाणं झालं. (त्या कारखान्यात बायका आहेत सोळा आणि चार महिन्यांत वाढदिवस झाले एकतीस. मी हिशेबात कच्चा नाही, पण मला तो हिशेब करावासा वाटला नाही.) तुझी भाची तर रोज मैत्रिणीकडे जेवून येत होती. राहता राहिलो मी. तर स्वयंपाक करणाऱ्याचं पोट चाखण्यातच भरतं, हे मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

उरलं की तुझा नियम लागू. चार वाट्यांच्या तीन वाट्या केल्या. तरी उरलं. अडीच केल्या, तरी उरलं. ताई, मी इतका खूश झालो म्हणून सांगू! दुकानात मालकांना ऐकवलं की घर चालवायला अक्कल लागते, पैसा नाही. मला वाटतं तेव्हाच मालक माझ्या गळ्याकडे बघत होते, सदऱ्याची कॉलर हल्ली मानेभोवती फिरते त्याकडे.

आता काट्याकडे येतो. तीन आठवड्यांपूर्वी एका धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा मोठा काटा दुरुस्तीला आला. काम माझ्या सुट्टीच्या दिवसांत बसत होतं, म्हणून मी तो हातगाडीवर घालून घरी आणला. साफ केला, तेल दिलं, रिकामा काटा शून्यावर चोख आणला. पण काटा तपासायला खात्रीचं वजन लागतं आणि दुकानातली वीस-वीस किलोंची खात्रीची वजनं वर्षाच्या तपासणीला गेली होती. मग मला युक्ती सुचली. (माझ्या युक्त्यांचं काय होतं ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.) मागच्या वर्षी असाच एक काटा घरी आला होता, तेव्हा आम्ही चौघांनी गंमत म्हणून वजनं करून दाराच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. आई अठ्ठेचाळीस, भावजय पंचावन्न, भाची चाळीस, मी सहासष्ट. घरात चार खात्रीची वजनं हिंडत असताना बाहेरची कशाला हवीत?

एकेकाला वर चढवलं. आई त्रेचाळीस. भावजय साडेएकोणपन्नास. भाची छत्तीस, आणि ती तर वर्षभरात दोन बोटं उंच झालेली. मी एकोणसाठ. तुझा भाऊ बावीस वर्षं काटे दुरुस्त करतोय. मी लगेच निदान केलं. प्रत्येकात साधारण दहावा हिस्सा कमी, म्हणजे दोष काट्यात. माणसं वाळतात ती आपापल्या परीनं वाळतात, चौघं मिळून एका मापानं कशी वाळतील? (सगळ्यांच्या ताटात मीच वाटीनं मोजून सारखं वाढत होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.) आतली तरफ किंचित सरकवली, पुन्हा चौघांना चढवलं, आणि आई अठ्ठेचाळीस, भावजय पंचावन्न, सगळं दाराच्या मागच्यासारखं! आई उतरताना म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हते, माझं छान चाललंय." भावजय हसली. भाची उतरली आणि दप्तर घेऊन बाहेर गेली. मी काट्यावर दुकानाचा शिक्का मारला आणि पोचवून दिला.

गेल्या गुरुवारी व्यापारी तो काटा टेम्पोत घालून दुकानात परत घेऊन आला. तोंडाचा पट्टा चालू. पन्नास किलोचं पोतं पंचावन्न दाखवतंय, माल घेताना मी सगळ्यांना जास्त पैसे मोजले, बुडालो! (विकताना त्यानं गिऱ्हाइकांना तेवढंच कमी दिलं असणार, पण त्याचा उल्लेख काही झाला नाही.) खात्रीची वजनं तोपर्यंत परत आली होती. मालकांनी माझ्यादेखत वीसचं वजन ठेवलं, काट्यानं बावीस दाखवले. दुसरं ठेवलं, चव्वेचाळीस. मालक म्हणाले, "तू हा तपासलास कशावर?"

ताई, मी तोंड उघडलं आणि उत्तर द्यायच्या आधी माझं मलाच कळलं. काटा आला तेव्हा बरोबर होता. काट्यात काही नव्हतंच. मी घरच्या माणसांना काट्यावर उभं केलं, त्यानं खरं ते सांगितलं, आणि मी पान्यानं त्याचं तोंड बंद केलं. मला तिथे रडू आलं. व्यापाऱ्याला वाटलं नोकरीच्या भीतीनं रडतोय, तो जरा नरमला. मालकांनी काटा पुन्हा माझ्याच हातगाडीवर घातला आणि नीट झाल्याशिवाय दुकानात येऊ नकोस म्हणाले. म्हणून तो इथे उभा आहे. नीट करायला अर्धा तास लागला. परत न्यायला पाय उचलत नाहीत, कारण न्यायचा म्हणजे मालकांना उत्तर द्यायचं.

रविवारी दुपारी मी पुऱ्या चार वाट्या शिजवल्या. तुझी पानं भिंतीवरून काढली. सगळ्यांना बसवलं आणि वाढलं. भाचीनं सुरुवात केली, "बाबा, मी मैत्रिणीकडे..." आणि माझ्याकडे बघून थांबली. आईनं पोटावर हात ठेवला होता, तो खाली घेतला. भावजय म्हणाली, "तुम्ही आधी बसा. तुम्ही चार महिन्यांत एकदाही बसला नाहीत." म्हणजे माझं चाखणं सगळ्यांना माहीत होतं, जसे मला वाढदिवस माहीत होते. मग मी बसलो. कुणी काही कबूल केलं नाही, कुणी काही विचारलं नाही. नुसते जेवलो. पातेलं पुसून काढल्यावर भाचीनं विचारलं, अजून आहे का? मी नाही म्हटलं, तेव्हा ती हसली. गेल्या महिन्यात असंच कमी खाऊन उरलेला रस्सा दोनदा उन्हानं आंबला होता आणि मी तो ओतून दिला होता. घरात चार माणसं अर्धपोटी आणि मी मोरीत रस्सा ओततोय, हे आठवलं की जीव नकोसा होतो.

असो. दाजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा,
ढोल्या
(हे नाव तूच ठेवलंस. आता बदलायला हरकत नाही.)

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. दाजींच्या ओळखीनं गोदामातून एक पोतं तांदूळ पाठवता येईल का? सोबत आईच्या नावानं चिठ्ठी लिही की आमच्याकडे फार झालाय, पडून राहिला तर कीड लागेल. नुसता मदत म्हणून आला तर आईचं पोट पुन्हा जड होईल.

ता. क. दुसरं. पाकिटावर पत्ता घालायला तुझं पत्र पुन्हा काढलं आणि पुन्हा वाचलं. दाजी दिवसभर घरी. संध्याकाळी भूक नाही. पोट जड. ताई, ही तिन्ही वाक्यं माझ्या घरातली आहेत. आणि शिळ्या पावाचा नियम भरल्या घरात कुणाला सुचतो? लहानपणी तू पावाचा मऊ भाग मला द्यायचीस आणि म्हणायचीस, मला कडाच आवडतात. मी ते आजपर्यंत खरं धरून चाललो होतो. तांदळाचं रद्द. वाटाण्याचं पोतं अजून निम्मं आहे. येत्या रविवारी तू आणि दाजी जेवायला या. येताना काही खाऊन आलो म्हणालीस तर आधी काट्यावर उभी करीन. तोवर तो परत नेत नाही. आता तो बरोबर आहे.