सासूबाईंचा आवाज आणि डिजिटल आऊट

२ जानेवारी, शुक्रवार
संकल्प: या वर्षी प्रत्येक गोष्ट शास्त्रीय पद्धतीने करायची.
संधी लगेच आली. ११ तारखेला अकोल्याला सासऱ्यांची, भगवंतरावांची, पंच्याहत्तरी. सासूबाई दुर्गाबाई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची ओव्या म्हणतानाची एक जुनी कॅसेट परवा माळ्यावर सापडली. आमच्या निधीनं ती कॉम्प्युटरवर उतरवली. मेव्हणा किशोरच्या घरी मोठा ॲम्प्लिफायर आहे. त्यावर सासऱ्यांना अचानक ऐकवायची. कनेक्शनची जबाबदारी मी घेतली. कुणी दिली नव्हती, पण ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा घरात मी एकटाच.
सिंधू म्हणाली, "हेडफोनच्या भोकात साधी वायर लावा न, झालं." हसलो. कॉम्प्युटरला डिजिटल आऊट, म्हणजे आवाज आकड्यांत बाहेर देणारं भोक, असताना साधी वायर लावणं म्हणजे तिच्याच आईचा अपमान. तिला हे पटलं नाही. तिला उशिरा पटतं.

३ जानेवारी
टेप थोडी ऐकली. खरखर फार. डिजिटलमधून गेली की निघेल. पूर्ण ऐकायला वेळ नाही. आधी केबल.

५ जानेवारी, सोमवार
राजकमल चौकाकडच्या दुकानात. दुकानदार धर्मपालनं विचारलं, "सर, गोल पायजे का चौकोनी?" मी म्हणालो, "डिजिटल पाहिजे." त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. गोल दिली.
घरी आलो. कॉम्प्युटरचं भोक चौकोनी. हल्ली दुकानदारांना गिऱ्हाइकाची गरज ओळखता येत नाही.

६ जानेवारी
केबल बदलून आणली. ऑप्टिकल, म्हणजे चौकोनी टोकाची, प्रकाशावर चालणारी. आत जाईना. जोर लावला. कॉम्प्युटर सरकला, केबल नाही. निधी म्हणाली, "बाबा, टोकावरचं टोपण काढा." काढलं. ते मी मुद्दाम ठेवलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून.
मग चमत्कार! केबलच्या दुसऱ्या टोकाला लाल प्रकाश! सगळ्यांना बोलावलं. सिंधूनं वाकून पाहिलं. "दिवा तं लागला. आवाज कुठी हाय?" मी सांगितलं की हा प्रकाश म्हणजेच तुझ्या आईचा आवाज. ती भाकरी उलटायला गेली. भावना अनावर झाल्या असाव्यात.

८ जानेवारी
किशोरचा फोन. "जिजाजी, ॲम्प्लिफायरच्या मांगं गोल भोक हाय, नारंगी. चौकोनी कुठीच नाई." किशोरचं कृषी केंद्र आहे, फवारणीतलं त्याला चांगलं कळतं. नीट बघायला सांगितलं. त्यानं फोटो पाठवला. फोटो अंधारा होता. मोठा करून बघायची गरज वाटली नाही.

१० जानेवारी, शनिवार. अकोला
एसटीनं आलो. सिंधू म्हणत होती, पेनड्राइव्ह घ्या. पेनड्राइव्हला डिजिटल आऊट असतो का? सीपीयू गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. मूर्तिजापूरच्या आधी कंडक्टरनं विचारलं, "लेकरू किती वर्साचं हाय?" निधी खिडकीबाहेर बघत राहिली.
भोक गोल निघालं. नारंगी. कंपनीनं हे आधी सांगायला हवं होतं.
खचलो नाही. बाजारात फिरून चौकोनीतून गोल करणारी डबी आणि एक गोल केबल मिळवली. किशोर म्हणाला, "जिजाजी, साधी वायर हाय माह्याकडं. लावू का?" या खानदानाला एकच वायर माहीत आहे.
सकाळी सगळ्यांचे डोळे पाणावणार. माझ्यामुळे.

११ जानेवारी, रविवार. अकोला
औक्षण झालं. सासरे खुर्चीत बसले. सिंधूनं सांगितलं, "बाबा, एक ऐकवायचं हाय तुमाले." घर शांत.
मी प्ले केलं. काही नाही.
डबीला वेगळी वीज लागते हे डबीनं सांगितलं नव्हतं. टेबलाखाली शिरलो. बोर्ड भरलेला. एक काळी पिन फालतू वाटली, ती काढून डबीची लावली. डबीवर दिवा लागला. आवाज नाही. केबल काढली, लावली. पाहुणे खोकू लागले. सिंधू दोनदा म्हणाली, "अहो, राहू द्या." अशा वेळी माघार घेणारा माणूस मी नव्हे.
आणि आवाज आला! सासूबाईंचा! मी खालूनच ओरडलो, "आला! डिजिटल आला!" डोकं टेबलाला आपटलं. सिंधूनं "शूऽऽ" केलं.
वाकून बाहेर पाहिलं. निधीनं तिचा मोबाइल बाबांच्या कानाजवळ धरला होता. रेकॉर्डिंग पहिल्या दिवसापासून त्यात होतं.
एक ओवी झाली. मग सासूबाई मध्येच बाबांवर खेकसल्या, "काहून टेप लावून बसले तुमी? बंद करा न!" आणि बाबा मोबाइलला म्हणाले, "करतो न. म्हन तू अजून थोडं." किशोर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सिंधूनं पदर तोंडाला लावला. माझ्या हातात ती काळी पिन होती. ती ॲम्प्लिफायरची होती, असं किशोरनं नंतर हळूच सांगितलं. तो हळू बोलला, एवढं त्याचं मोठेपण.
इकडे मोबाइलमधून सासूबाई पुन्हा बोलल्या. टेप आमच्या लग्नानंतरच्या दिवाळीची असावी.
"जवाई सोन्यासारके हायेत. पन घरातल्या कोन्या मशिनले त्याइले हात लावू देऊ नोका."
सगळं घर हसलं. बाबा तर डोळे पुसत पुसत हसले आणि म्हणाले, "पुन्यांदा लाव." निधीनं लावलं. पाहुणे जाईपर्यंत लावत होती.
आता कॉटवर पडून मी पूर्ण टेप ऐकली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरखर आहे. तेवढं एक वाक्य स्वच्छ आहे.