फिटची गोळी, ग्रहण आणि आमची ठकी

२५ ऑगस्ट, सोमवार
सरले एकदाचे तीन महिने! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि दहाच्या आत अख्ख्या आळीला बातमी. तीन महिने मात्र आमच्या तोंडाला कुलूप. "कुनाला बोलायचं नाय गं, नजर लागते." माझ्या आईलासुद्धा नाही.
माझ्या फिटच्या गोळ्या संपत आल्यात. दर वेळी अनिल एकटाच आणतो. या वेळी मीही जाणार पनवेलला.

३० ऑगस्ट
मी दिवस गेल्याचं सांगितलं आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्या नवऱ्याकडे वळले. "दर महिन्याला विचारतो, काही नवीन? तुम्ही म्हणता, काही नाही!" अनिल म्हणतो, "घरात ठरलं होतं, तीन महिने कुणाला सांगायचं नाही." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.
ही गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. पाठीचा कणा, हृदय, ओठ, टाळू. बाधेलच असं नाही. पण एकदम बंदही करायची नाही, फिट आली तर दोघांच्या जिवावर. हळूहळू दुसरी सुरू. पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी.
वाटेत चौक गावात वडापाव घेतला, न खाताच पिशवीत टाकला. अनिलशी बोललेच नाही. तर हा बाइक चालवता चालवता रडायला लागला. शेवटी मीच ओरडले, "अरे समोर बघ!"

८ सप्टेंबर
काल ग्रहण. दुपारपासून खाटेवर बसवून ठेवलं मला. सुरी नाही, सुई नाही, विळीकडे बघायचंही नाही; ग्रहणात काही चिरलं तर बाळाचा ओठ दुभंगतो म्हणे. पाण्याचा थेंब नाही. गोळीची वेळ झाली तर पाकीट गायब! तांदळाच्या डब्यात सापडलं, सासूबाईंनी लपवलेलं.
"त्या मेल्या गोळीनंच तर घात केला ना?"
"आई, डॉक्टरांनी घ्यायला सांगितलीय. फिट येऊन पोटावर आपटले तर?"
सासूबाई उठल्या, आणि स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या आणून दिला. ग्रहणात! मी लगेच गोळी गिळली.

७ ऑक्टोबर
सोनोग्राफी. कणा ठीक, हृदय ठीक. तेवढ्यावरच मी हमसून रडले. त्यामुळे पुढचं डॉक्टरीणबाईंना दोनदा सांगावं लागलं. वरचा ओठ डावीकडे दुभंगलेला.
"गोळीमुळेच का?"
"शक्यता आहे. छातीठोक कुणीच नाही सांगणार. पण ऑपरेशन छान होतं याचं."
संध्याकाळी शेजारणी हजर. "गिरानात काय चिरलंस गं?" मी तोंड उघडायच्या आत आई उसळल्या, "मी सोता पहाऱ्याला बसलेली! गिरानाचं नाव काढाल तर बघा."
धास्ती आहेच. पण आज पहिल्यांदा भूक लागली.

२१ फेब्रु.
मुलगी! काल दुपारी. रडली ती अशी की अख्खा वॉर्ड जागा. ओठाला फट, टाळूलाही थोडी. ओढता येत नाही बिचारीला. आईंनी घरून जुनं बोंडलं आणलं, चोचीच्या वाटीसारखं असतं ते. नर्स म्हणाली चालेल, उकळून घ्या, बाळाला बसतं धरा. माझंच दूध काढून पाजतोय. अर्धं माझ्या साडीवर.

८ मार्च
आई म्हणत होत्या, ओठ शिवल्यावर बारसं करू. मी हटले नाही. आजच केलं, आणि तोंडावर फडकंही टाकू दिलं नाही. बघा काय बघायचं ते! नाव रेवा, घरात ठकी.
चुलत जाऊबाईंची सून आली होती. तिला दिवस गेलेत म्हणे, पण अजून गुपचूप. आईंनी तिला कोपऱ्यात गाठलं. "कसली गोळी चालू हाय का तुला? मग आदी डॉक्टरला सांग. गावाला मागनं." मी पेढे वाटता वाटता ऐकलं. खूप बरं वाटलं.

२८ मे
अंगणवाडीच्या काट्यावर ठकीनं बाजी मारली. वजन भरलं, रक्तही ठीक. जूनमध्ये ऑपरेशन. टाळूचं पुढच्या वर्षी. नव्या गोळीवर मला एकही फिट नाही. अनिल हल्ली डॉक्टरांना इतकं सांगतो की तेच म्हणतात, पुरे.

१५ जून, पनवेल
सकाळपासून उपाशी ठेवलीय. रडून रडून लाल. मग अनिलनं शिट्टी वाजवली आणि ही हसली. हसली की फट रुंद होते, एक गाल वर जातो. फोटो काढ म्हटलं, तर हा शिट्टीच वाजवत बसला. आत नेली.
इतके दिवस त्या फटीवरून देवाला काय काय बोलले मी. आणि आता तीच फट जाणार, तर दाराकडेच बघत बसलेय. शिवून आल्यावर कशी हसेल? मला ओळखेल, पण मी?
आईंना म्हटलं, "मला हेच हसू आवडायला लागलं होतं हो."
"मला पन गं," म्हणाल्या. अजून दार उघडलं नाही.