सामाईक कुरणातल्या खुंट्या

आंकाराय, कार्निव्हलच्या आधीचा मंगळवार

वडीलबहीण लेओकादियाताई हिला धाकट्या अबुंदिओचा नमस्कार.

अरेकिपाची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवते आहे ना? इथे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी भावजय हिलारिया धडधाकट आहे, लामांचा कळप धडधाकट आहे, माझा मात्र महिनाभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. गावात मोजणीवाले आले आहेत.

पांढऱ्या गाडीतून तिघं उतरली. म्होरकी ग्रिसेल्दा नावाची इंजिनीअरबाई. तिचं म्हणणं, वरच्या तळ्यातून आपल्या शेतांपर्यंत कालवा काढायचाय, त्यासाठी सामाईक कुरणात फिरायला, मोजायला आणि खुंट्या ठोकायला गावाची परवानगी हवी. आता तूच सांग, पाणी द्यायला कोणी एवढ्या लांब येतं का? (शिवाय तिने मक्याच्या चिचा-दारूचा पेला एका दमात संपवून आणखी मागितला. एवढी सलगी कशासाठी?) मागे असेच काहीजण रस्ता मोजायला म्हणून आले आणि शेजारच्या डोंगराला खाणीची भोकं पाडून गेले, हे तू विसरली नसशील.

गावसभेत सर्वांत मोठा आवाज एर्मोखेनेसचा (तोच, तुला एकेकाळी मागणी घालणारा). कुरण आजोबा-पणजोबांचं आहे, त्यावर परक्याचं पाऊल पडता कामा नये, असं तो छाती ठोकून म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि त्या जरा जास्तच डोलल्या, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. पण गेल्या वर्षी पावसाने दगा दिला आणि बटाटे जमिनीतच सुकले, त्यामुळे बायका हटून बसल्या, की एक दिवस तरी मोजू द्या. पाळतीवर नेमलं मला, कारण माझा कोणावरच विश्वास नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी त्यांच्या मोजणीच्या तीन पायांच्या यंत्रासमोरच जाऊन बसलो. बाई ओरडली नाही, हेही संशयास्पदच. म्हणाली, "काका, तिथे बसलात तर मला तुमची टोपीच मोजावी लागेल. मागे या, तुम्हीच बघा." मी यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावला. त्यांना पुरलेलं सोनं दिसत असणार याची मला खात्री होती. दिसली ती ओढ्यापलीकडे, कुरणाच्या ऐन मध्यात, नवी दगडी भिंत. आत बटाट्याची हिरवीगार रोपं, आणि पाठीवर पाण्याचं मडकं घेऊन चढ चढणारी एर्मोखेनेसची बायको.

मी त्याला एवढंच म्हटलं, "ये, तूही बघ." त्याचे म्हणे डोळे दुखत होते. मग रांगच लागली. कोणाला भावाचा गोठा दिसला, कोणाला व्याह्याचं सातूचं शेत. प्रत्येकाला दुसऱ्याचं तेवढं दिसत होतं. कुरण म्हणून जे उरलं होतं, त्यात दोन लामा शेजारी शेजारी उभे राहिले असते तर भांडले असते. बाईने फक्त विचारलं, कालवा नेऊ कुठून?

संध्याकाळच्या सभेत कोणाचा आवाज चढला नाही. एर्मोखेनेस कोकाची पानं चघळत उभा राहिला. म्हणाला, "खालच्या शेतात काही उगवत नाही रे. बटाटे काढून होऊ देत, भिंत मीच पाडतो." मला त्याचा राग यायला हवा होता, पण मी माझी कोकाची पिशवी त्याच्यापुढे धरली. परवानगी मिळाली. आता रोज कुठेतरी भिंत पडते, आणि ती मुळापासून पडली का हे बघायला शेजारी उभे असतात. खुंट्याही लागल्या. बाई चांगली आहे म्हणा, पण खुंट्या सरकायला कितीसा वेळ लागतो? मी रोज जाऊन बघतो.

तुझा,
अबुंदिओ

ता. क. कालव्याची रेषा आपल्या मेंढवाड्यातून जाते. त्याची मागची भिंत कुरणात बरीच घुसली आहे, असं बाई म्हणते. ती तुझ्या यजमानांनी, दाजींनी बांधली, असं मी सभेत सांगून टाकलं आहे. दाजी देवाघरी आहेत, त्यांना वाईट वाटणार नाही. तू पुढच्या गाडीने ये आणि सभेपुढे तेवढं एक वाक्य बोल.

ता. ता. क. वन्सं, मी हिलारिया. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून उघडलं. ती भिंत उभी राहिली तेव्हा दाजींच्या कबरीवरचा क्रूससुद्धा विटला होता. दगड मीच वाहिलेत. काल मीच ती पाडली. तुम्ही जरूर या, पण पाहुणचाराला. एवढे दगड टाकू कुठे असं विचारलं, तर तुमचे भाऊ म्हणतात, कालव्यापलीकडे जागा मोकळीच आहे.